एकाच हेम्प सीडचे तीन रिपोर्ट, तिन्ही वेगळे: कोणता धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत हेम्प सीड (कमी नशेच्या भांग-जातीचं खाण्याचं बी) भाजून पाकिटं भरणारं एक छोटं युनिट. उत्तराखंडातून ५०० किलोचा लॉट आला, २५ किलोची २० पोती. तीन लॅबमध्ये नमुने दिले. टीएचसी म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक. पहिलीने लिहिलं ‘टीएचसी: आढळले नाही’. दुसरीने ६.८ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलं, तिसरीने ३.९. देशाच्या अन्न नियामकाची, एफएसएसएआयची, मर्यादा ५, आणि जर्मनीतला ग्राहक ३ च्या खालचा रिपोर्ट मागतोय. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं की यातला खरा रिपोर्ट कोणता, आणि अमेरिकेत गांजा कायदेशीर असलेल्या राज्यांसारखं लॅबवर कडक नियंत्रण इथे असतं तर हा घोळ टळला असता ना?

आधी दुसऱ्या भागाचं एका वाक्यात उत्तर: नाही, कारण त्या राज्यांत हाच घोळ याहून मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. आणि पहिल्या भागाचं उत्तर असं की तिन्ही रिपोर्ट आपापल्या जागी खरे असू शकतात. लॅबने तपासली ती तुमची २० पोती नव्हेत. तिने तपासले बाटलीत आलेले काही ग्रॅम. ते कोणी, कुठून आणि कसे काढले, हे ठाऊक नसेल तर मशीन कितीही कोटींचं असो, आकड्याला अर्थ नाही. तरी आधी रिपोर्ट वाचायला शिकू, कारण तिथे काही गोष्टी फुकटात उलगडतात.

पहिला रिपोर्ट पुन्हा काढून तळटीप बघा. ‘आढळले नाही’च्या शेजारी किंवा खाली शोधमर्यादा लिहिलेली असते. तुमच्याकडे ती ०.०१ टक्के आहे. टक्क्यातला आकडा मिलिग्रॅम प्रतिकिलोत आणायला १०,००० ने गुणायचं, म्हणजे ती झाली १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो. त्या लॅबला १०० च्या खालचं काही दिसतच नाही आणि तुमची मर्यादा आहे ५. तोळ्याचं सोनं तोलायला लाकडाच्या वखारीतला काटा आणावा तसं हे झालं. रिपोर्ट खोटा नाही, तुमच्या कामाचा नाही इतकंच. असे रिपोर्ट इतके फिरतात याचं कारण ‘०.३ टक्के’ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय. तो शेतातल्या पिकासाठी आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या फार्म बिलात औद्योगिक हेम्प ठरवायला कोरड्या वजनावर ०.३ टक्के डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारं मुख्य रूप) धरलं, उत्तराखंडातल्या लागवडीलाही हाच आकडा लावतात. ०.३ टक्के म्हणजे ३,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो, तुमच्या खाद्यमर्यादेच्या ६०० पट. ‘टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी’ असं प्रमाणपत्र पुरवठादाराने बियाण्याबरोबर दिलं तर ते फाइलला लावा, पण त्यावर माल सोडू नका.

आता दुसरा आणि तिसरा. दोन्हीकडे एलसी-एमएस/एमएस (घटक सुटे करून वजनावरून ओळखणारं मशीन) आहे, त्यामुळे संवेदनशीलतेचा प्रश्न नाही. पण ‘टीएचसी’ म्हणजे दोघांनी नेमकं काय मोजलं? हिरव्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असतं, टीएचसीए म्हणून. उष्णता मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टीएचसी उरतं. टीएचसीएचं रेणुभार ३५८.५, टीएचसीचं ३१४.५, भागाकार ०.८७७. म्हणून एकूण टीएचसी काढताना टीएचसी अधिक ०.८७७ गुणिले टीएचसीए असं धरतात. नियमातली मर्यादा या एकूण आकड्यावर आहे. एखाद्या लॅबने फक्त डेल्टा-९ मोजलं आणि नमुना कच्चा होता, तर बराचसा भाग हिशेबातून निसटतो. म्हणून ३.९ वाल्यांना एकच विचारा: यात टीएचसीए धरलंय का, आणि दोन्ही आकडे सुटे द्याल का? नमुना कच्चा दिला होता की भाजलेला, हेही तुमच्या बाजूने तपासा. भाजल्यावर आम्लरूप घटतं आणि डेल्टा-९ वाढतं. तेव्हा कच्च्याचा एक रिपोर्ट आणि भाजलेल्याचा दुसरा अशी तुलना करत असाल तर ती तुलनाच नव्हे. गॅस क्रोमॅटोग्राफी या तापवून तपासायच्या पद्धतीत तर इंजेक्शनच्या जागीच आम्लरूप मोडतं, पण ते पूर्ण मोडेल याची खात्री नसते. म्हणून त्या पद्धतीचा आकडा ‘एकूण’ म्हणून आला तरी सावधपणे घ्यायचा.

६.८ च्या बाबतीत शंका उलट दिशेची. सीबीडी (याच झाडातला नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी यांचं रेणुसूत्र एकच, वजन एकच, आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुटल्यावर मुख्य तुकडेही सारखेच. मशीनला दोघांतला फरक वजनावरून कळत नाही, तो फक्त कॉलममधून (घटक सुटे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडायच्या वेळेवरून कळतो. औद्योगिक हेम्पच्या बियांवर सीबीडी टीएचसीच्या कितीतरी पट असतं. आलेखावरची दोघांची शिखरं पायथ्याला चिकटलेली असतील तर सीबीडीचा थोडा भाग टीएचसीच्या खात्यात जमा होतो आणि इतक्या खालच्या पातळीवर तो ‘थोडा’ भाग मोठा ठरतो. यावर उपाय म्हणजे क्रोमॅटोग्राम, म्हणजे हा शिखरांचा आलेख, मागणे. चांगली लॅब तो द्यायला कुरकुर करत नाही. दोन शिखरांमधली रेषा खाली जमिनीपर्यंत येते की नाही हे रसायनशास्त्र न शिकलेल्यालाही दिसतं.

आणखी एक बारीक गोष्ट: आकडा आहे त्या ओलाव्यावर दिलाय की कोरड्या वजनावर? बियांत ८ टक्के ओलावा असेल तर ४.७ चा आकडा कोरड्या वजनावर ५.१ होतो. पास आणि फेल यांत एवढंच अंतर. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईच्या हवेत उघडं राहिलेलं पाकीट दोन दिवसांत वजनाला वाढतं, तेव्हा नमुना काढला की लगेच झाकण घट्ट.

हे सगळं जमेस धरूनही माझा मुख्य संशय वेगळ्याच ठिकाणी आहे. हेम्पच्या बियाच्या आत टीएचसी जवळजवळ नसतंच. ते असतं बियाला वेढून असलेल्या फुलोऱ्याच्या छोट्या पानावरच्या चिकट ग्रंथींत. मळणी करताना तो चिकटा टरफलाला लागतो आणि पानाची फोलपटं बियांत मिसळतात. म्हणजे तुम्ही बी तपासत नसता, बियाला लागलेला मळ तपासत असता. आणि मळ सगळीकडे सारखा नसतो.

हिशेब करून बघू. फोलपटात समजा ०.५ टक्के टीएचसी आहे. लॅबने २ ग्रॅम नमुना काढून घेतला आणि त्यात २ मिलिग्रॅम वजनाचं एकच फोलपट आलं. २ मिलिग्रॅमच्या ०.५ टक्के म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ते २ ग्रॅममध्ये भागलं की ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो. एका फोलपटाने अख्खी मर्यादा खाऊन टाकली. शेजारच्या २ ग्रॅममध्ये ते नसेल तर तिथे शून्याच्या आसपास येईल. एकाच बाटलीतून दोन वेळा घेतलेल्या चिमटीत इतका फरक पडत असेल, तर वेगवेगळ्या पोत्यांतून मुठी भरून तीन लॅबला पाठवल्यावर तीन आकडे आले यात नवल कसलं?

त्यामुळे नमुना काढायची पद्धत आधी दुरुस्त करा. वीसच्या वीस पोती घ्यायची, निवडायची नाहीत. प्रत्येक पोत्यात नळी खुपसून वर, मध्ये आणि तळाशी असे मिळून १२० ग्रॅम काढायचे. तळ टाळायचा नाही, कारण ट्रकच्या हादऱ्यांनी बारीक धूळ तिथेच बसते आणि टीएचसी त्या धुळीतच जास्त असतं. हे झाले २.४ किलो. स्वच्छ ताडपत्रीवर ओतून नीट कालवायचे, ढीग चपटा करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचं. उरलेल्या १.२ किलोचे ४०० ग्रॅमचे तीन सारखे भाग करायचे: एक लॅबला, एक तुमच्याकडे, एक तंट्यासाठी सीलबंद. भाग करताना ताडपत्रीवर उरलेली धूळ झटकून टाकायची नाही, तीही वाटून घ्यायची. पातळ प्लॅस्टिकची पिशवी नको. स्थिर विजेने बारीक धूळ पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटते, लॅबमध्ये बी ओततात आणि पिशवी कचऱ्यात जाते. तुमचं टीएचसीही तिच्याबरोबर जातं आणि रिपोर्ट छान येतो. काचेची रुंद तोंडाची बरणी वापरा, उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा. टीएचसी उजेडात आणि उष्णतेत हळूहळू सीबीएन या दुसऱ्या घटकात बदलतं.

लॅबच्या बाजूला दोन गोष्टी लेखी मागा. एक, ४०० च्या ४०० ग्रॅम दळून मगच त्यातून वजन घ्यायचं. बी नुसतं दळलं तर तेलाने लगदा होतो, कारण त्यात साधारण ३० टक्के तेल. म्हणून कोरडा बर्फ किंवा द्रव नायट्रोजन घालून गोठवून दळावं लागतं. पुष्कळ ठिकाणी हे टाळतात आणि मिक्सरमध्ये १० ग्रॅम फिरवून मोकळे होतात. दोन, तपासायला २ ऐवजी निदान ५ ग्रॅम, आणि तेही दोनदा स्वतंत्र काढून. दोन आकड्यांत मोठं अंतर असेल तर दळणं नीट झालेलं नाही.

हे सगळं नीट केल्यावरही दोन लॅबचे आकडे किती वेगळे असणं मान्य? याला जुना ठोकताळा आहे, हॉर्विट्झ या रसायनतज्ज्ञाचा. ५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या पातळीवर वेगवेगळ्या लॅबमधलं सापेक्ष विचलन (आकड्यांची सरासरीभोवतीची पसरण) साधारण १२ ते १३ टक्के धरतात. त्यावरून दोन लॅबमध्ये सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतचा फरक रसायनशास्त्रात बसतो. तुमचे ३.९ आणि ६.८ यांची सरासरी ५.३५, फरक २.९, म्हणजे ५४ टक्के. हा फरक मशीनचा नाही. नमुना वेगळा होता किंवा मोजलेली गोष्ट वेगळी होती.

हाच ठोकताळा अमेरिकेच्या गोष्टीला लावला की मजा येते. तिथल्या दुकानातल्या गांजाच्या फुलावर ‘टीएचसी २८ टक्के’ असं छापलेलं असतं. २० टक्क्यांच्या पातळीवर लॅबमधलं अपेक्षित विचलन जेमतेम अडीच टक्के. म्हणजे एकीने २० म्हटलं तर दुसरीने साडेएकवीसच्या आत राहायला हवं. प्रत्यक्षात काय दिसलं? कोलोरॅडोतल्या दुकानांमधून २३ नमुने उचलून स्वतंत्रपणे तपासलेल्या २०२३ च्या अभ्यासात सुमारे ७० टक्के नमुन्यांत टीएचसी लेबलपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी निघालं. वॉशिंग्टन राज्याच्या सरकारी नोंदींवरच्या २०१८ च्या विश्लेषणात काही लॅब सातत्याने चढे आकडे देतात आणि काही उतरते, हे स्पष्ट झालं. २०२१ मध्ये नेवाडा आणि वॉशिंग्टनच्या आकड्यांत २० टक्क्यांच्या रेषेपाशी अचानक उडी दिसली: १९.९ वाले विरळ, २०.१ वाले दाट. रोपांना २० चा आकडा कळत नाही. ग्राहकाला कळतो.

कारण साधं आहे. लॅब निवडतो विक्रेता, पैसे देतो विक्रेता. टीएचसीचा आकडा चढा आला तर भाव चढा, बुरशी आणि कीटकनाशकं ‘आढळली नाहीत’ तर माल सुटला. दोन्ही गोष्टी देणाऱ्या लॅबकडे गिऱ्हाईक सरकतं, प्रामाणिक लॅब रिकामी बसते. तिकडे याला सरळ ‘लॅब शॉपिंग’ म्हणतात. तुम्ही तीन रिपोर्ट हातात घेऊन कोणता धरू असं विचारताय, तेव्हा रागावू नका, पण त्या रस्त्याच्या तोंडाशी तुम्हीही उभे आहात.

मग तिथल्या नियमांत काही शिकण्यासारखं नाही का? आहे, आणि ते मशीनच्या बाबतीत नाही. कॅलिफोर्नियाचे नियम बघा. फुलाची एक बॅच जास्तीत जास्त ५० पौंड, म्हणजे साधारण २२.७ किलो. नमुना लॅबच्याच माणसाने येऊन काढायचा, मालकाच्या माणसाने हात लावायचा नाही, सगळं कॅमेऱ्यासमोर. ५० पौंडांच्या बॅचमधून ३४ वेगवेगळ्या जागांवरून चिमटी घ्यायच्या आणि एकूण वजन बॅचच्या ०.३५ टक्क्यांपेक्षा कमी नको, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम. २२ किलोंसाठी ३४ जागा! आपल्याकडे ५०० किलोंसाठी मालक एका पोत्याच्या तोंडातून दोन मुठी काढतो. शिवाय फेल झालेला रिपोर्टही सरकारी नोंदीत जातो, तो ड्रॉवरमध्ये टाकून दुसऱ्या लॅबकडे जाता येत नाही. लॅबला आयएसओ १७०२५ (लॅबच्या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता हवी. ६६ कीटकनाशकं, शिसं-कॅडमियम-आर्सेनिक-पारा, अफलाटॉक्सिन, साल्मोनेला, ओढायच्या मालात अस्परजिलस बुरशीच्या चार जाती, विद्रावकांचे अवशेष, अशी लांब यादी.

एवढं करूनही आकडे फुगलेच, कारण लॅबचा माणूस आला तरी त्याचा पगार विक्रेत्याच्या बिलातूनच निघतो. शिवाय प्रत्येक लॅबची पद्धत आपापली होती. शेवटी सुक्या फुलासाठी एकच ठरावीक पद्धत सक्तीची केली, ती १ जानेवारी २०२४ पासून. त्यांची आणखी एक अडचण आपल्याला नाही. केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदा असल्याने नमुना राज्याच्या सीमेपलीकडे नेता येत नाही, मग सगळ्या राज्यांतल्या लॅबना एकच नमुना पाठवून परीक्षा कशी घ्यायची? तिथली एनआयएसटी या मोजमापाच्या राष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये हेम्पच्या नमुन्यांवर अशी फेरी सुरू केली, आणि लॅबने आपलं मोजमाप ताडून बघायचा संदर्भ हेम्प नमुना तर २०२४ मध्ये आला. राज्य कायदेशीर करून बसलं, वजनाचं माप दहा वर्षांनी आलं.

तपासणीच्या यादीबद्दलही एक सावधगिरी. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. कारण मुख्यतः काळ्या बाजारातल्या व्हेपमध्ये तेल घट्ट करायला घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. ते त्यावेळच्या नेहमीच्या तपासणी-याद्यांत नव्हतं. लॅब विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देते.

आता आपल्या नियमांकडे. एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना खाद्य म्हणून मान्यता दिली. बियांसाठी एकूण टीएचसी ५, सीबीडी ७५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत, आणि बी उगवणारं नसावं. उगवण तुम्ही घरीच बघू शकता: ४०० दाणे ओल्या कागदावर, ७ दिवस. एकाला जरी कोंब फुटला तरी भाजणी किंवा वाफवणी कमी पडली. भांगेच्या पानाचं चित्र पाकिटावर नको. डिझायनर मंडळी ते हौसेने टाकतात.

अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा तुम्ही मागणी केलीत तर तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त लॅबकडे. ही मागणी त्याच वेळी लेखी करायची असते, बरेच जण गोंधळून गप्प बसतात. विश्लेषकाला रिपोर्टसाठी १४ दिवस, तुम्हाला त्याविरुद्ध अपिलासाठी ३० दिवस, आणि निकाल जुळले नाहीत तर रेफरल लॅब. चांगली रचना आहे, कारण इथे नमुना काढणारा तुमचा नोकर नाही. पण परवान्याच्या अटीतली सहा महिन्यांतून एकदाची तपासणी मात्र तुम्हीच नमुना काढून, तुम्हीच पैसे देऊन करून घेता. अमेरिकेतली खोट हुबेहूब तीच. ती सरकार येऊन दुरुस्त करेपर्यंत थांबू नका. तुमच्या युनिटपुरती ती तुम्हीच दुरुस्त करू शकता: लॅबच्या माणसाला नमुना काढायला बोलवा, आणि वर्षातून एक-दोनदा एकच दळलेला नमुना दोन वेगळ्या नावांनी त्याच लॅबला पाठवा. दोन्हीचे आकडे लांब आले तर लॅब बदला. जवळ आले तर तिथेच राहा, आकडा आवडो न आवडो.

लॅब निवडताना लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचा नुसता लोगो पुरेसा नाही. मान्यता पदार्थ, तपासणी, पद्धत आणि मोजायचा पल्ला यांच्यासह मिळते आणि ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर उघडी असते. त्यात तेलबियांमध्ये टीएचसी, मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या पल्ल्यात आहे का बघा. पाण्याच्या तपासणीची मान्यता असलेली लॅबही तोच लोगो मिरवते. मग विचारा: ५ मिलिग्रॅम प्रतिकिलोला मिसळून बघितलेली रिकव्हरी किती, म्हणजे मिसळलेल्यापैकी किती टक्के परत मोजलं गेलं? ७० ते १२० टक्के हा पट्टा अवशेषांच्या तपासणीत चालतो. ड्यूटेरियमवालं अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी नमुन्यात मिसळायचं जड हायड्रोजनचं टीएचसी) वापरता का? टीएचसीचं प्रमाण द्रावण (मशीनचं माप लावायला वापरायचं ठरावीक ताकदीचं द्रावण) कधी आलं? हा शेवटचा प्रश्न खोचक वाटेल, पण ते द्रावण अमली पदार्थ कायद्याखाली येतं आणि आयातीला ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं प्रमाणपत्र लागतं. त्यात वेळ जातो, आणि मधल्या काळात मुदत संपलेल्या द्रावणावर काम ढकलण्याचा मोह होतो.

विजया (भांग) घातलेलं आयुर्वेदिक तेल विकायचा विचार असेल तर तो पूर्ण वेगळा रस्ता आहे: आयुर्वेदिक औषधाचा परवाना, विषारी द्रव्यांच्या अनुसूची ई-१ मुळे ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना, आणि आयुर्वेदिक औषधांसाठी मान्यता असलेली लॅब. खाद्याचा रिपोर्ट तिथे चालत नाही. एकाच शेडमध्ये दोन्ही करू नका. पानाची धूळ बियांवर बसली की वरचा सगळा हिशेब पुन्हा सुरू.

या लॉटचं काय करायचं? थांबवा. तीन आकड्यांची सरासरी काढू नका, सोयीचा निवडू नका. वर सांगितल्याप्रमाणे नमुना काढून एकाच लॅबकडून एकूण टीएचसी घ्या. ५ च्या वर किंवा अगदी टेकून आला तर माल सफाईला घाला. आधी चाळणी, मग हवेच्या झोताने फोलपट उडवणं, मग ग्रॅव्हिटी सेपरेटर (हलकं-जड वेगळं करणारं मशीन). सॉर्टेक्स इथे फारसा कामाचा नाही, तो रंगावर निवडतो आणि चिकटलेली धूळ त्याला दिसत नाही. आकडा तरीही उतरला नाही तर बी धुऊन लगेच वाळवायचं, पण पावसाळ्यात हे करायला ड्रायर हवाच, नाहीतर टीएचसी जाईल आणि बुरशी येईल. सोलून गर विकणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, कारण मळ टरफलाबरोबर निघून जातो. फक्त सोललेला गर लवकर खवट होतो, तेव्हा पेरॉक्साइड व्हॅल्यू (खवटपणाचं माप) दर बॅचला तपासा. सफाईत निघालेली फोलपटं जपून हाताळा. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात बी आणि पान गांजाच्या व्याख्येतून वगळलंय ते फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवाय असतील तरच. फुलोऱ्याचे तुकडे असलेलं पोतं गोदामाच्या कोपऱ्यात ठेवणं म्हणजे घरात विंचू पाळणं. त्यांचं काय करायचं ते वकिलाला विचारून आधीच लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी साफ केलेलंच बी मागवा.

जर्मन ग्राहकाचं म्हणणं बरोबर आहे. युरोपात २०२३ पासून बियांसाठी ३.० आणि बियांच्या तेलासाठी ७.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो ही मर्यादा आहे, तीही टीएचसी आणि टीएचसीए मिळूनच. इथे पास झालेला ४.२ चा माल तिथे फेल आहे, यात कोणाचीच चूक नाही. त्याला पाठवायच्या रिपोर्टवर अनिश्चितता छापलेली हवी: २.६ अधिक-उणे ०.४ असा आकडा तो घेईल, २.९ अधिक-उणे ०.५ वर तो प्रश्न विचारेल. म्हणून निर्यातीच्या मालासाठी स्वतःची रेषा २.४ च्या आसपास आखा. आणि लॅबला नमुना देताना सोबतच्या पत्रात एवढं लिहा: पदार्थ भाजलेलं अख्खं हेम्प सीड, पूर्ण ४०० ग्रॅम गोठवून दळावं, ५ ग्रॅमचे दोन स्वतंत्र भाग, डेल्टा-९ टीएचसी, टीएचसीए आणि सीबीडी सुटे व एकूण, आहे त्या ओलाव्यावर, ओलावा वेगळा, मोजमाप-मर्यादा (खात्रीने मोजता येणारं किमान प्रमाण) ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो किंवा त्याखाली, अनिश्चिततेसह, क्रोमॅटोग्राम जोडून. हे पत्र वाचून जी लॅब फोन करून दोन शंका विचारते, तिच्याकडे काम द्या.